तिकीट होतं, तरी दंड! जपान आणि इटलीतल्या रेल्वेचे धडे

पिसाहून लुक्काला जाणाऱ्या गाडीत टीसीने आमची तिकिटं उलटसुलट करून पाहिली आणि मान हलवली. स्टेशनवर रांगेत उभं राहून, रोख पैसे मोजून काढलेली तिकिटं होती ती! फक्त प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा राहिला होता.

इटलीतल्या पॅसेंजर गाड्यांच्या या कागदी तिकिटावर ठरावीक गाडी लिहिलेली नसते. शिक्का बसला की तिथून चार तास ते चालतं. बिनशिक्क्याचं तिकीट नंतर पुन्हा वापरता येईल, म्हणून टीसीच्या लेखी आम्ही जवळपास फुकटेच. बाबांनी चक्क मराठीत बाजू मांडली. दंड भरला. त्या पैशांत तिघांचं पोटभर जेवण झालं असतं.

गंमत म्हणजे इटली आपल्याला ओळखीची वाटते. बहुतेक स्टेशनांवर ना गेट, ना अडवणूक, गाडी आली की चढायचं, अगदी आपल्या लोकलसारखं. तिथेच आपण फसतो. फोनवर तिकीट काढलंत तर शिक्का नको, पण गाडीत बसण्याआधी चेक-इन करावंच लागतं. वेगवान गाड्यांना यातलं काही नाही, तिथे गाडी आणि सीट आधीच ठरलेली असते. आणि हो, छापील तक्त्यांपैकी पिवळा सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. आम्ही दहा मिनिटं पांढऱ्यापुढे उभे होतो. प्लॅटफॉर्म, म्हणजे तिथला 'बिनारिओ', मात्र इलेक्ट्रॉनिक बोर्डावरचाच खरा.

आदल्या वर्षी जपानमध्ये असं काही घडलं नाही, कारण तिथे चूक गेटवरच अडते. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनला, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनला, आम्हाला माणशी दोन कागद मिळाले, एक भाड्याचा, एक जलद गाडीचा. दोन्ही एकदम गेटमध्ये सरकवायचे आणि पलीकडून उचलायचे. आई न उचलताच पुढे निघाली, तर मागच्या आजोबांनी धावत आणून दिले. क्योटोला बाहेर पडताना ते पुन्हा लागतात.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सामानाची जागा असलेली सीटच आरक्षित करा. जादा पैसे पडत नाहीत, पण न करता बॅग आणलीत तर १,००० येन जातात. आम्ही मोठी बॅग हॉटेलमधून कुरियरने पुढे पाठवली, दुसऱ्या दिवशी ती क्योटोत हजर.

शाकाहारी असाल तर स्टेशनवरच्या सुबक डब्यांच्या भरवशावर राहू नका, भाजीतही माशाचा अर्क असतो. तिखटमिठाच्या पुऱ्यांनी सव्वादोन तास मजेत गेले. शिंकान्सेनमध्ये खायला कुणी हरकत घेत नाही. फोनवर बोलायचं तर मात्र दाराजवळच्या मोकळ्या जागेत जायचं.

फुजी पर्वत पाहायचा असेल तर साध्या डब्यात 'ई' सीट घ्या, टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने खिडकीकडे लक्ष ठेवा. जाताना आम्हाला नुसते ढग दिसले. परतीलाही 'ई'च मागा. गाडी उलटी निघताना खुर्च्या फिरवतात, डबा नाही, म्हणून 'ई' फुजीच्याच बाजूला राहते.