सहायक: दत्ताराम

शंकर-जयकिशन यांचा जुना सिनेमा लावला की नावं पडायच्या वेळी मी घरच्यांना गप्प बसवते. संगीतकारांची नावं मोठी, ठसठशीत येतात. त्यांच्या खाली किंवा कुठल्या तरी गर्दीच्या पाटीवर बारीक अक्षरांत दोन नावं असतात: सहायक दत्ताराम, सेबॅस्टियन. शेंगदाणा सोलून तोंडात टाकेपर्यंत ती गेलेलीही असतात.

दोन्ही नावं आमच्या बाजूची. सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे, दत्ताराम वाडकरही मूळचे गोव्याचे, आणि वेंगुर्ल्यातून गोवा काही लांब नाही. मध्ये आहे ती सरकारी हद्द. सेबॅस्टियन यांनी व्हायोलिनांचा ताफा बसवायचा, दत्ताराम यांनी ठेका सांभाळायचा, अशी ढोबळ वाटणी होती. यातली गंमत अशी की शंकर स्वतः मुळात तबलजी. तबलजीने आपल्या गाण्यांचा ठेका दुसऱ्याच्या हाती सोपवणं ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या वाडीत एक पखवाजवाला दुसऱ्याला आपल्या पखवाजाच्या शाई लावलेल्या बाजूला सोडाच, दोरीलासुद्धा हात लावू देत नाही.

मला मात्र दत्ताराम सिनेमात सापडले नाहीत, डबलबारीत सापडले. कोकणातली डबलबारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन भजनी मंडळं समोरासमोर, दोन बुवा, दोन पेट्या, दोन पखवाज, झांजांचा कल्लोळ, आणि रात्रभर एकमेकांना शब्दांत पकडणं. रूपावली, अभंग, गवळण सगळं रीतीप्रमाणे होतं. पण डुलक्या काढणारा मंडप खडबडून जागा होतो तो गजराला, कारण गजराला सिनेमाची चाल चालते. वर विठ्ठलाचं नाव आणि खाली मुकेशचं गाणं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विठ्ठलालाही वाटत नसावं.

अशाच एका गजराला बुवांनी संथ, रडवेली चाल धरली. पखवाज मात्र खाली वेगळंच काही तरी बोलत होता. मागून कुणी तरी जाणकारीने म्हणालं, शंकर-जयकिशन. माझ्या शेजारी आबा बसले होते. आबा म्हणजे माझे चुलतसासरे, उभा जन्म पखवाजावर गेलेला. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "न्हय गो. ह्यां दत्तारामाचां. चाल कोणय करीत, ह्यो ठेको तोच करतलो."

गाणं होतं ‘आँसू भरी हैं ये जीवन की राहें’. सिनेमा ‘परवरिश’, साल 1958. शब्द हसरत जयपुरींचे, आवाज मुकेशचा, पडद्यावर राज कपूर. सगळा गोतावळा शंकर-जयकिशनच्या घरचा, मग संगीत दुसऱ्या कुणाचं असेल असं कुणाच्या मनात येणार? पण गाणं नीट ऐका. मुकेश शब्द ओढून, थांबत म्हणतो. त्याला कसलीही घाई नाही. ठेका मात्र दुप्पट लगबगीत, घुमणारा, जवळजवळ हसरा. रडणाऱ्या माणसाच्या दारावरून वरात जावी तसा. दुःख त्यामुळे कमी होत नाही, उलट जास्त बोचतं, कारण जगाचं काही अडलेलं नाही हे तो ठेका सांगत राहतो. वादकांमध्ये या ठेक्याला दत्ताराम यांचंच नाव पडलं, दत्तू ठेका. स्वतःच्या नावाची चाल मागे ठेवणारे पुष्कळ असतील. स्वतःच्या नावाचा ठेका किती जणांच्या वाट्याला येतो?

त्यानंतर माझं गाणी ऐकणंच उलटं झालं. आधी मी वरून ऐकायची: शब्द, मग गळा, मग जमलं तर वाद्यं. आता खालून वर जाते. तबल्याचा डावा कुठे घुमतो, ढोलक कुठे गप्प बसतो, अंतरा संपताना ठेका कसा परत जागेवर येतो, एवढं कळलं की मग मुकेशकडे वळायचं. घरी यावरून चेष्टा होते. पण मला डबलबारीवाल्या घरात दिलं आहे तर भोगावं त्यांनीही.

जमवायला लागल्यावर एक वेगळंच सुख कळलं. लताबाईंची गाणी जमवणाऱ्याला किनारा दिसत नाही. शंकर-जयकिशन जमवायचे तर एक खोली लागेल. दत्ताराम यांचे स्वतःच्या नावाचे हिंदी सिनेमे विसाच्या आतबाहेर. म्हणजे यादी एका पाठपोट कागदावर मावते, आणि शेवटची ओळ पहिल्या दिवसापासून दिसत असते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी दशकवार केलेले गीतकोश आहेत, त्यांत सिनेमागणिक गाण्यांची नोंद मिळते. त्यावरून खुणा करायच्या आणि शोधत सुटायचं.

सुरुवात 1957 ची. राज कपूरने आपल्याच झेंड्याखालच्या ‘अब दिल्ली दूर नहीं’चं संगीत शंकर-जयकिशनना न देता त्यांच्या सहायकाला दिलं. त्यातलं रफीचं ‘चुन चुन करती आयी चिड़िया’ आमच्या बालवाडीत आजही म्हणतात. चिमणी, मोर, सगळी मुलांना पाठ. संगीत कुणाचं, हे बालवाडीच्या बाईंना विचारलं तर त्या माझ्याकडे अशा बघतात की मी ‘नाच रे मोरा’ कुठल्या वनात नाचायचं ते विचारतेय. मग 1959 चं ‘क़ैदी नं. 911’ आणि त्यातलं ‘मीठी मीठी बातों से बचना ज़रा’. लहान मुलांच्या गाण्यांत या माणसाचा हात विशेष मोकळा सुटायचा असं माझं मत आहे, कारण तिथे ठेक्याला कुणी शिष्टपणा शिकवत नाही. 1960 च्या ‘श्रीमान सत्यवादी’त ‘हाल-ए-दिल हमारा’: पुन्हा मुकेश, पुन्हा राज कपूर, आणि पुन्हा दहांतले नऊ जण शंकर-जयकिशनच म्हणणार. 1961 च्या ‘ज़िंदगी और ख़्वाब’मधलं मन्ना डे आणि सुमन कल्याणपूर यांचं ‘न जाने कहाँ तुम थे’ मी पाहुण्यांना ऐकवते. ज्यांना ते आवडत नाही त्यांना दुसरा चहा मिळत नाही.

सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. साठीनंतरचे काही सिनेमे लहान, पैशाने अशक्त, आणि त्यातली काही गाणी अशी की ऐकली, खूण केली, संपलं. पण मध्येच 1969 च्या ‘बालक’मधलं सुमनताईंचं ‘सुन ले बापू ये पैग़ाम’ येतं आणि मी यादीवरची पेन्सिल बाजूला ठेवते.

जमवणं कोकणात सोपं नाही, हे पुण्या-मुंबईच्या छंदिष्टांना कळायचं नाही. त्यांचा शत्रू भाव, आमचा शत्रू हवा. गिरगाव-लालबागच्या चाकरमान्यांनी एके काळी गणपतीला येताना ग्रामोफोन आणि तबकड्या आणल्या, पुढे त्या माळ्यावर गेल्या, आणि माळ्यावर चार पावसाळे म्हणजे पांढरी बुरशी, वर उंदराने कुरतडलेलं पाकीट. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या. हातातून सुटली की दोन तुकडे. कुणी तरी हौसेने त्या स्पिरिटने पुसतो आणि लाख विरघळून गाणं कायमचं जातं. साधं पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ फडकं, मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही, आणि सावलीत वाळवण. सोलकढीला नारळ वाटायचं सोडून मी हे करत बसते तेव्हा सासूबाई काही बोलत नाहीत, फक्त पाटा जरा जोरात सरकवतात. पावसाळ्यात कपाटात एक पिवळा बल्ब जळत ठेवायचा. आबा आपल्या पखवाजासाठी तेच करायचे. आता एका बल्बाखाली पखवाज आणि दत्ताराम दोघेही असतात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काजू, सुकी मासळी, अगरबत्ती यांच्या गर्दीत कधी तरी तबकड्यांची चळत दिसते. विकणारा मुखपृष्ठावरची नटी बघून भाव सांगतो. संगीतकाराचं बारीक नाव त्याच्या खिजगणतीत नसतं, आणि तेच माझ्या पथ्यावर पडतं. कमी नावाजलेल्या माणसावर जीव जडवण्याचा हा रोकडा फायदा.

यादीवरच्या खुणा वाढत गेल्या तशी एक भलतीच अडचण उभी राहिली. स्वतःच्या नावाने गाणी करत असतानाही दत्ताराम शंकर-जयकिशनकडे सहायक होतेच. म्हणजे त्या सगळ्या डोंगराएवढ्या गाण्यांत ठेका त्यांच्या देखरेखीखालचा. मग माझा कागद पाठपोट भरला की संग्रह पुरा झाला म्हणायचं, की आता कुठे सुरू झाला? मी ‘सहायक’ असं नाव घालून दुसरी वही केली: शंकर-जयकिशनची गाणी, जिथे खाली तो ठेका ऐकू येतो असं मला वाटतं.

आबांना ते अजिबात पटलं नाही. "पगार घेतल्यान मां? मगे गाणां शेटचां. तुझ्या वळखीन काय होता?"

मी म्हटलं, "आबा, त्या रात्री तुम्हीच तर ठेक्यावरून ओळखलंत."

"वळाखलंय. लिवन खंय ठेवलंय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बरोबर असतील. सहायकाने आनंदाने दिलेली गोष्ट आपण कोण परत मागून घेणार, तीही तो 2007 साली गेल्यावर? तरी माझ्या मनातून एक जात नाही: तबकडीच्या कागदावर जागा अपुरी म्हणून नाव गाळलं, पडद्यावर वेळ अपुरा म्हणून बारीक केलं, वहीत कसली टंचाई आहे? पानं तर आठवड्याच्या बाजारात मिळतात.

परवा आबांनी चष्मा मागवून ती वही चाळली. तीन गाण्यांवर फुली मारली, "ह्यो ठेको तेचो न्हय, खंयचो तरी उचललेलो." एकावर बराच वेळ बोटांनी गुडघा वाजवत बसले आणि ते राहू दिलं. मग मला वाटतच नव्हतं ते केलं: माझ्याकडे नसलेली दोन गाणी सांगितली. मी पेन उघडलं तर म्हणाले, "पेन्सिलीन लिही हां."