विल्हेल्म्सहाफेनच्या बारा टाक्या
उत्तर जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेनला मी पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि बांधावरून पाहता दूरवर नुसता राखाडी चिखल उघडा पडला होता. युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या वाडेन समुद्राचा हा एक कोपरा. इथले पाणी दिवसातून दोनदा ३ मीटरांहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे सकाळी आणि दुपारी एकाच जागी भरलेल्या दोन बाटल्यांत एकच पाणी असेल याची खात्री नाही. अशा पाण्यात तोच प्रयोग पुन्हा कसा करायचा?

त्यासाठीच ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या इथल्या सागरी संशोधन केंद्रात ‘प्लँक्टोट्रॉन’ आहेत, म्हणजे प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) प्रयोग करायच्या बंदिस्त टाक्या, आणि परवानगी काढून मी ते पाहायला आलो होतो. स्टेनलेस स्टीलच्या बारा टाक्या, प्रत्येकीत ६०० लिटर पाणी. एखाद्या डेअरीत शिरल्यासारखे वाटले. तापमान आणि उजेड हवे तसे ठेवता येतात. चार टाक्या एका तापमानाला, चार दुसऱ्या, चार तिसऱ्या, अशी वाटणी केली की एका टाकीत शेवाळ एकाएकी माजले तर तो उष्णतेचा परिणाम की निव्वळ योगायोग, हे तिच्या तीन जोडीदारणींकडे पाहून ठरवता येते.

खरी अडचण भिंतीची आहे. ८० सेंटिमीटर व्यासाच्या टाकीत ६०० लिटर पाण्याला सुमारे ३ चौरस मीटर भिंत लागते. खुल्या समुद्रात ती शून्य असते. भिंतीवर काही दिवसांतच शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, पाण्यातली पोषकद्रव्ये तोच खाऊन टाकतो आणि मग आपण मोजतो ते तरंगत्या प्लवकांचे जग न राहता भिंतीचे होते. म्हणून आत सिलिकॉनची पट्टी लावलेली दांडी मोटारीच्या वायपरसारखी फिरवून भिंत निपटतात. मला सगळ्या यंत्रसामग्रीत हीच पट्टी सर्वांत शहाणी वाटली.

पाणी पुरेसे खोल नसल्याची उणीव मात्र पट्टीने भरून निघत नाही. उत्तर जर्मनीतल्याच प्लोन येथील अशाच प्रयोगांच्या ११ मीटरांहून उंच पोलादी मनोऱ्यांत असे दिसले होते की मासा नसला, पाण्यात नुसता माशांचा गंध असला, तरी डॅफ्निया हे चिमुकले कवचधारी प्लवक दिवसा खोल उतरतात. प्लँक्टोट्रॉनमध्ये तेवढे खोल उतरायला जागाच नाही.

निघण्यापूर्वी तिथल्या संशोधक बाईंनी सातव्या टाकीतले बीकरभर पाणी उजेडासमोर धरले. फिकट तपकिरी पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले प्लवक, झटक्याझटक्याने उडत होते आणि काचेपाशी येऊन मागे वळत होते. काढलेले पाणी टाकीत परत ओतत नाहीत, असे सांगत बाईंनी ते बाटलीत भरले, आयोडीनचे थेंब सोडले आणि झाकणावर ‘७’ लिहिले.