आमची वाटचाल: निपाणीच्या बोर्डापासून

व्हिडिओ गेम पार्लर बंद पडलं तेव्हा निपाणीच्या मामांनी आपले बोर्ड, म्हणजे मशीनमधली गेमची सर्किटं, तंबाखूच्या पोत्यात गुंडाळून बेळगावला आमच्याकडे आणले. "घरच्या कॉम्प्युटरवर दिसू दे, एवढं कर," म्हणाले. बोर्ड जोडायला त्यांच्यासाठी बांधलेल्या हार्नेसवर (कनेक्टर लावलेल्या तारांच्या जुडग्यावर) आमचा धंदा उभा राहिला.

जामा म्हणजे पार्लरच्या बोर्डांची ठरलेली जोडणी. तिचा कनेक्टर ५६ पिनांचा, पिनांतलं अंतर ३.९६ मिलिमीटर. सातव्या जागी आम्ही खिटी घालतोच, म्हणजे तो उलटा बसत नाही. ती नसताना कनेक्टर उलटा बसला, तर सहाव्या पिनचे १२ व्होल्ट थेट बटणाच्या पिनवर जातात. चित्राचं म्हणाल तर बोर्ड चित्राच्या रेघा १५.७ किलोहर्ट्झने देतो आणि व्हीजीए मॉनिटरला ३१.५ लागतात, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. त्याला रंगांचे सिग्नल ०.७ व्होल्टच्या आसपास हवेत, बोर्ड बरेच जास्त देतो. लाल, हिरवा, निळा या तिन्ही तारांवर प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचे छोटे रेझिस्टर) लावून उतरवले नाहीत तर उजळ भाग पांढरा फटक पडतो. कॉम्प्युटरच्या आत घ्यायचं तर पुढे कॅप्चर कार्ड.

दुकानाला कुलूप लागायची वेळ आली ती आवाजापायी. गावातल्याच एका दुकानदाराने आमचे हार्नेस घेतले आणि १० व एल या पिनांवरच्या स्पीकरच्या तारा सरळ कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडून विकले. काही बोर्डांत स्पीकरची मायनस म्हणजे ग्राउंड नसते. कॉम्प्युटरने ती ग्राउंड केली, ॲम्प्लिफायरच्या आयसी उडाल्या. कनेक्टरवर शिक्का आमचा, म्हणून बोल आम्हाला. गिऱ्हाईक तुटलं, उधारी अडकली. मामांनी तेव्हा स्वतःचा बोर्ड आणून काउंटरवर ठेवला: "ह्याच्यावर लाव आणि दाखव सगळ्यांना." दाखवलं. स्पीकरच्या जागी ८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर. १० के आणि १ के (किलोओहम) चे रेझिस्टर लावून आवाज उतरवायचा. मग ६०० ओहमला ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे स्पीकरची मायनस कॉम्प्युटरच्या ग्राउंडला लागत नाही. त्या माणसाने चूक आजतागायत कबूल केलेली नाही. आम्हीही ती विसरलेलो नाही.

पुढची वर्षं काम चालत राहिलं.

घरी जोडणाऱ्यांनी एवढं ऐकावं. कॉम्प्युटरचा सप्लाय वापरत असाल तर हिरवी तार काळीला जोडल्यावर तो सुरू होतो. नव्या सप्लायला उणे ५ व्होल्ट नसतात. बोर्डाला ते लागत असतील तर उणे १२ वरून ७९०५ (उणे ५ व्होल्ट देणारी रेग्युलेटर आयसी) लावून काढा. पण अधिक ५ व्होल्टच्या ७८०५ सारखं समजून त्याचा पत्रा पेटीला टेकवू नका. ७९०५ चा पत्रा इनपुटला जोडलेला असतो, मध्ये अभ्रक हवाच. आणि ५ व्होल्ट सप्लायपाशी मोजू नका, बोर्डावरच्या आयसीच्या पायांवर मोजा. तिथे ४.७५ च्या खाली दिसले तर गेम मध्येच रीसेट होतो, आणि लोक विनाकारण रॉम (गेम साठवलेल्या आयसी) बदलत बसतात. आधी जाड तार टाका.