सगळ्यांना एकाच ट्रेमधली

बडोद्यात मुलांचे बेकिंगचे वर्ग घ्यायचे तर अंड्याचा प्रश्न आधीच मिटलेला असतो. अंडं नकोच. 'एगलेस आहे ना, मग सगळ्यांना चालेल' हे वाक्य मी सारखं ऐकते. अंडं काढून आम्ही त्याच्या जागी काय घालतो, हे मात्र कुणी विचारत नाही. दही, कंडेन्स्ड मिल्क, दुधाची पावडर! ज्या मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्याला इथली एगलेस कुकी जास्तच घातक.

मे महिन्यात दांडिया बाजाराजवळच्या एका घरी वाढदिवसाचं काम होतं. पाहुण्या मुलांनी आपल्या हाताने चॉकलेट चिप कुकीज करायच्या, खायच्या, उरलेल्या घरी न्यायच्या. आदल्या आठवड्यात एका मुलीच्या आईचा फोन आला. सात वर्षांची मुलगी. दुधाने तिचा श्वास कोंडतो, दवाखान्यात धावावं लागलेलं आहे. "तिला फक्त पीठ मळू द्या, खायला ती डबा आणेल," आई म्हणाली. इतकं सवयीनं म्हणाली की मला ते सहन होईना. ठरवलं, सगळ्यांच्याच कुकीज बिनदुधाच्या.

लोणी काढणं सोपं. तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो, म्हणून तेही नाही. रिफाइंड खोबरेल फ्रिजमध्ये घट्ट करून घेतलं, साखरेसोबत थोडी गुळाची पावडर घेतली, आणि गोळा थंड करूनच थापायचा असं ठरवलं, नाहीतर ओव्हनमध्ये कुकी पसरून पापड होतो. खरी अडचण चिप्सची. बाजारातल्या डार्क कंपाउंडच्या, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटच्या, पाकिटांमागे बारीक अक्षरात 'मिल्क सॉलिड्स' सापडले. डार्क म्हणजे बिनदुधाचं, असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतात, याचा मला मनापासून राग येतो. चांगल्या डार्क वड्यांवर 'दुधाचा अंश असू शकतो' अशी सूचना होती, कारण त्याच यंत्रांवर दुधाचं चॉकलेटही बनतं.

म्हणून चिप्स घरीच केल्या. खोबरेलात कोको मिसळून गोठवायची सोपी पद्धत इथे उपयोगाची नाही. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, आणि मे महिन्यात बडोदं चाळिशी ओलांडतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास तग धरतं, पण ते नीट टेम्पर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून, थंड करून परत किंचित गरम करायचं, तरच ते चकचकीत आणि घट्ट गोठतं. कोको पावडर आणि दळलेली साखर घालून ४५ अंशांपर्यंत वितळवलं, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवलं, परत ३१ वर आणलं. एसी लावलेल्या खोलीत, थर्मामीटरवरची नजर न हलवता. मग बटर पेपरच्या कोनातून मुगाएवढे ठिपके पाडले. ते चकचकीत झाले, पेपरवरून टपटप सुटले. साखर किंचित कचकचते, पण कुकीत ते कळत नाही. त्या चिप्सचा मला आजही अभिमान आहे. चाळण मात्र नवी घेतली. जुन्या चाळणीच्या जाळीत अडकलेली दुधाची पावडर कितीही धुतली तरी पूर्ण निघाली याची खात्री देता येत नाही.

त्या दिवशी मुलांना सांगितलं की १९३०च्या दशकात अमेरिकेत रूथ वेकफिल्ड यांनी चॉकलेटची वडी फोडून तुकडे कुकीत घातले, चिप्सची पाकिटं नंतर आली. मुलं खूश. तेवढ्यात यजमानांकडच्या एक काकू आत आल्या. बिनदुधाचं कळल्यावर म्हणाल्या, "हिरवा ठिपका असला की झालं की! आणि जरासं दूध गेलं पोटात तर काय होतंय? आमच्या वेळी कुठं होती ही नाटकं?" मुलगी पीठ थापत ऐकत होती. मी म्हटलं, "काकू, हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो. दूध शाकाहारीच. आणि तिच्यासमोर असं बोलू नका, तिचा जीव जाऊ शकतो." त्या घरातलं माझ्याशी बोलणं तिथे संपलं. पुढची ऑर्डरही आली नाही. तरी तसं बोलल्याचं मला वाईट वाटत नाही.

कुकीज झाल्या. सगळ्यांनी ट्रेवर झडप घातली. ती उभीच. मग जवळ येऊन म्हणाली, "मावशी, चिप्सचं पाकीट दाखवा ना."

पाकीट नव्हतंच. मी एकेक जिन्नस सांगितला, मीच केल्यात म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "आई आल्यावर," म्हणाली, आणि आपल्या चार कुकीज खोक्यात भरून डब्यातले मुरमुरे काढले.

तिची आई आली, सगळं ऐकून तिचे डोळे भरले, खोकं घेऊन गेली. मुलीने कुकी खाल्ली का, मला ठाऊक नाही. फोन करावासा खूप वाटतो. पण मी विचारलं तर त्या माउलीला 'हो, खाल्ली' म्हणण्याची भीड पडेल, म्हणून करत नाही. मुलीचं काही चुकलं असं मला क्षणभरही वाटत नाही. 'काय होतंय' म्हणणारं मोठं माणूस तिने थोड्याच वेळापूर्वी पाहिलं होतं. त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नुसत्या शब्दावर तिने का विसंबावं?

आता घरी केलेली वस्तू असली तरी कोको, कोको बटर, साखर, सगळ्यांची पाकिटं कापून मी एका पुठ्ठ्यावर चिकटवते आणि तो पुठ्ठा ओट्यावर ठेवते, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.