शिरिंजे: सासूबाई आणि पोरांसकट

तुर्कस्तानात एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष बघायला जाणारी बरीच मंडळी कुशादासीला समुद्रकाठच्या हॉटेलात उतरतात. मुलांना पोहायचंच असेल तर ठीक. पण सोबत सत्तरी ओलांडलेल्या शाकाहारी सासूबाई आणि सतत भूक लागणारी दोन मुलं असतील, तर मी म्हणेन शिरिंजेला राहा. एफेससजवळच्या सेल्चुक गावापासून आठेक किलोमीटरवर, डोंगरात, ऑलिव्ह, अंजीर आणि पीचच्या बागांमध्ये हे खेडं आहे. पांढऱ्या भिंतींची, लाल कौलांची घरं उतारावर एकावर एक चढत गेलेली.

पोचणं सोपं आहे. इझमीरच्या विमानतळावरूनच इझबान नावाची लोकल मिळते, तेपेकोयला गाडी बदलून सेल्चुकला उतरायचं. तिथल्या बसस्टँडवरून दोल्मुश, म्हणजे शेअर मिनीबस, वर गावात जाते. रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढची जागा धरावी. परतीची शेवटची दोल्मुश किती वाजता, हे उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या. सुट्टे लिरा जवळ असू द्या.

गावातल्या गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आणि चढाच्या. चाकांची बॅग आणि बाबागाडी दोन्ही इथे हरतात, तेव्हा पाठीवरच्या पिशव्या न्या आणि पेन्शनमध्ये, म्हणजे घरगुती छोट्या हॉटेलात, खोली घेताना 'गाडीतळापासून किती पायऱ्या?' हे आधी विचारा. गुडघेदुखी असलेल्यांसाठी हा प्रश्न खोलीच्या भाड्यापेक्षा महत्त्वाचा.

खाण्याची मात्र चंगळ. एजियन किनाऱ्याकडे भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून गारच वाढतात: फरसबी, वांगी, आर्टिचोक, रानातला पाला. सासूबाईंना सगळ्यात आवडली ती आत भात भरलेली भोपळ्याची फुलं. आपण या फुलांची भजी करतो, हे त्यांनी मालकीणबाईंना खुणांनी समजावलं आणि पुढचा अर्धा तास दोघी स्वयंपाकघरातच होत्या. मुलं गोझ्लेमेवर जगली. पालथ्या तव्यावर भाजलेली ही पातळ पोळी पालक, चीज किंवा बटाटा भरून मिळते. मांस नको असेल तर 'एत्सिझ' म्हणा. मसूरडाळीच्या सूपमध्येही कधी कधी मांसाचं पाणी असतं, तेही विचारा. न्याहारीला ऑलिव्ह, चीज, काकडी-टोमॅटो, मध, साय आणि मुरंबे इतके येतात की दुपारचं जेवण आपोआप लांबतं.

मुख्य रस्त्यावरची दुकानं मला खटकली. डाळिंब, तुती, ब्लॅकबेरी अशा फळांच्या वाइनची चव घेण्याचा आग्रह दर चार पावलांवर. नको म्हटलं तर कुणी रागावत नाही. वरच्या गल्ल्यांत शिरलात की गाव भेटतं. 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीपर्यंत इथे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राहत. ते ग्रीसला गेले आणि तिकडचे मुसलमान इथे आले. सेंट जॉन द बाप्टिस्टचं जुनं चर्च त्यामुळेच भाविकांविना उभं आहे. मुलांना त्यापेक्षा 2012 ची गोष्ट जास्त आवडली: 21 डिसेंबरला जग बुडणार आणि शिरिंजे वाचणार, अशी अफवा तेव्हा पसरली होती. गाव वाचलं, बाकीचं जगही. जवळच अली नेसीन या गणितज्ञाने 2007 मध्ये उभारलेलं 'गणित गाव' आहे. तिथे शिबिरं चालू असतात, विचारून जा.

एफेसससाठी सकाळी दार उघडताच हजर राहा, कारण सावली जवळजवळ नाहीच. वरच्या दारापाशी टॅक्सीने उतरा, म्हणजे सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत उतारच मिळतो. संगमरवर गुळगुळीत आहे, ज्येष्ठांना पकड असलेले बूट हवेतच. डोंगरउतारावरची रोमन घरं सुरेख आहेत, पण आत जिने खूप. सासूबाई बाहेर बसल्या आणि त्यांचं काही चुकलं नाही. ऊन चढल्यावर सेल्चुकचं संग्रहालय बघावं. वसंतात गेलात तर जुन्या जलवाहिनीच्या खांबांवर करकोच्यांची घरटी दिसतील.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा वैध व्हिसा वा निवास परवाना असणाऱ्यांनाच मिळत आला आहे, इतरांना दूतावासामार्फत अर्ज करावा लागतो. तिकिटं काढण्यापूर्वी चालू नियम बघा.

सुके अंजीर आणि ऑलिव्ह शिरिंजेत घेऊ नका. सेल्चुकला शनिवारी बाजार भरतो, तिथे चाखून, भाव करून घ्या, आणि तेलाच्या बाटल्या विमानात चेक-इनला द्यायच्या बॅगेतच भरा.