पेट्रोलच्या टाकीत सफाईच्या औषधाची बाटली ओतून कार्बोरेटर साफ होतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बेळगावच्या टिळकवाडीत माझी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी दिसली की कुणीतरी थांबून हेच विचारतं. माझं उत्तर असं: कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, साफ असेल तर तो साफ ठेवायला त्या औषधाची थोडी मदत होते, पण तुंबलेला त्यानं सुटत नाही.

एका पावसाळ्यात जूनपासून गाडी हलवलीच नाही. दसऱ्याला काढली तर चोक (हवा कमी करून पेट्रोल जास्त देणारा खटका) ओढला की चालायची, सोडला की बंद. एक बाटली ओतली, मग दुसरी. फरक शून्य. उद्यमबागेतल्या मिस्त्रींनी फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी, उघडला. तळाला पिवळा चिकट थर, त्यावर पांढरी भुकटी. स्लो जेट, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, उजेडाकडे धरला तर पलीकडचं काहीच दिसेना. ते म्हणाले, "औषध पोचणार कुठनं वो? वाटच बंद हाय की."

तेव्हा मला उमजलं. औषध पेट्रोलबरोबर जातं आणि जेटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. बुजलं की पेट्रोल थांबलं, औषधही थांबलं. हवेच्या बारीक वाटांत तर पेट्रोल फिरकतच नाही. पांढरी भुकटी म्हणजे गंजलेला धातू, तो कुठल्याच बाटलीनं विरघळत नाही. तिथं खोलून स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवाच लागते. जेटमध्ये तार मात्र कुणालाही घालू देऊ नका, भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते.

2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि काळजी वाढली. आपल्या चिक्कोडी-अथणीकडच्या उसाला त्यानं गिऱ्हाईक मिळतं, आमच्या घरचाही ऊस आहे, म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि इथल्या पावसात ओलीला काय तोटा! जुन्या रबराचे पाइप आणि टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदाही त्यानं खराब होतात. ते बदलावेच लागतात.

गंज रोखणारं औषध मी आजही घालतो, पण मे महिन्यात, ताज्या पेट्रोलमध्ये, आणि मग पंधरा मिनिटं इंजिन चालवतो म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत उतरतं. गाडी पावसाळाभर उभीच राहणार असेल तर इंजिन गार झाल्यावर पंपाकडे येणारा पाइप काढून त्याचं तोंड बंद करतो, आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालवतो. फ्लोट चेंबर रिकामा होतो. गेल्या दसऱ्याला चोक सोडला आणि इंजिन संथ चालत राहिलं.