आमची वाटचाल : रुंदी फोटोलाच विचारायची

नाशकात रविवार कारंजाजवळच्या एका बोळात, जिन्याखालच्या खोलीत, 2007 साली मी आणि माझ्या आतेभावानं काम सुरू केलं. येवल्याच्या पैठणीवाल्यांचे कॅटलॉग. फोटो यायचे, त्याला पांढरी चौकट टाकायची, कोपऱ्यात दुकानाचा शिक्का, खाली साडीच्या नंबराची पट्टी. हाताने करायला गेलं की एका फोटोला चार मिनिटं. दिवाळीआधी दीड हजार फोटो आले म्हणजे सरळ शंभर तास. तेव्हा माउस धरून मनगट सुजायचं, मी लिंबाच्या पाल्याचा शेक घ्यायचो.

इमेजमॅजिक आतेभावानं शोधून काढलं, लिहिलेल्या आज्ञांवर फोटो बदलणारं सॉफ्टवेअर. जॉन क्रिस्टी नावाच्या माणसानं 1987 साली ड्यूपाँ कंपनीत असताना लिहायला घेतलं ते. रंगीत चित्रं 256 रंगांच्या पडद्यावर दाखवायची, एवढंच मूळ काम होतं. 1990 साली सगळ्यांना मोफत मिळालं आणि आमच्या जिन्याखाली पोचायला पुढची सतरा वर्षं लागली. ना खिडकी, ना बटण. काळ्या पडद्यावर ओळ लिहायची आणि एंटर.

पहिल्याच दिवशी आम्ही 'कन्व्हर्ट', म्हणजे इमेजमॅजिकची फोटो बदलायची आज्ञा, लिहिली आणि विंडोजनं 'इन्व्हॅलिड पॅरामीटर' म्हणून तोंडावर मारलं. विंडोजची स्वतःची एक कन्व्हर्ट आहे, ती डिस्कची फाइल-पद्धत बदलते. म्हणजे आम्ही साडीचा फोटो देत होतो हार्ड डिस्कच्या गवंड्याला! इमेजमॅजिकच्या कन्व्हर्टचा डिस्कवरचा पूर्ण पत्ता लिहिल्यावर गाडी चालली. पुढे बॅच फाइलमध्ये, म्हणजे एकामागून एक आज्ञा लिहून ठेवलेल्या फायलीत, टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहावं लागतं हे कळायला आणखी दोन दिवस गेले. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे.

सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या आज्ञांच्या फायलीत, आकडे ठोकलेले होते. फोटोची रुंदी 1600, शिक्का 400, चौकट 40. एकच फोटोग्राफर, एकच कॅमेरा, एकच तिवई होती तोवर ते खपलं. मग एका सराफाचे नथीचे फोटो आले, जेमतेम 500 रुंद. नथ शिक्क्याखाली गेली. त्या रात्री आतेभाऊ म्हणाला, "आपण कशाला सांगायचं रुंदी किती ते? फोटोलाच विचारू."

तिथून खरा धंदा सुरू झाला असं मी मानतो. तोवर आम्ही लिनक्सवर आलो होतो. 'आयडेंटिफाय' ही इमेजमॅजिकची फोटोची माहिती सांगणारी आज्ञा. तिला उत्तराचा साचा, म्हणजे फॉरमॅट द्यायचा, टक्का डब्ल्यू म्हणजे रुंदी, टक्का एच म्हणजे उंची. उत्तर आलं की दोन व्हेरिएबलांत, म्हणजे नाव दिलेल्या खणांत, ठेवायचं आणि पुढे सगळं त्यांच्या हिशोबात. शिक्का रुंदीच्या पाव, पट्टीतली अक्षरं उंचीच्या चाळिसाव्या भागाएवढी. इथे एक सांगून ठेवतो, कुणी विचारलं नाही तरी : आयडेंटिफायचं उत्तर पाइपनं, म्हणजे उभी रेघ टाकून, व्हेरिएबल भरणाऱ्या 'रीड' आज्ञेला देऊ नका. बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सवर आज्ञा चालवणाऱ्या शेलमध्ये, पाइपच्या पलीकडचा रीड वेगळ्या पोटशेलमध्ये चालतो, व्हेरिएबल भरतात आणि तिथेच मरतात. पुढच्या ओळीत रुंदी रिकामी. आम्ही तीन रात्री हार्ड डिस्कला शिव्या दिल्या. आणि शेलच्या गणितात आधी गुणा, मग भागा. 4099 ला 100 नं भागून 5 नं गुणलं तर 200 येतात, उलट केलं तर 204. चार पिक्सेल म्हणजे काही नाही असं ज्याला वाटतं त्यानं एकदा जरीच्या काठाला चिकटलेली चौकट बघावी.

एक गंमत राहिली. एका गिऱ्हाइकाच्या स्कॅनरमधून आलेल्या टिफ फायलींत मूळ चित्राशिवाय आत एक छोटा नमुना लपलेला असायचा. आयडेंटिफाय दोघांची रुंदी सांगायचं, आणि आम्ही फॉरमॅटमध्ये नवी ओळ घातली नव्हती. 2480 आणि 160 एकमेकांना चिकटले, रुंदी झाली 2480160. तेवढ्या रुंदीची, 60 उंचीची नंबरपट्टी बनवायला मशीन निघालं. आमचं इमेजमॅजिक प्रत्येक रंगाला सोळा बिट ठेवणारं, त्यात एका पिक्सेलला 8 बाइट धरले की एका पट्टीला सुमारे 1.2 जीबी. मशीनमध्ये मेमरी 2 जीबी! फाइलच्या नावापुढे चौकटी कंसात शून्य लिहिलं, म्हणजे फक्त पहिलं पान, की प्रश्न संपला. पण ती संध्याकाळ आम्ही पंख्याचा आवाज ऐकत बसलो होतो.

आता 2015. आतेभाऊ तोवर पुण्याला नोकरीला गेला होता, राग नव्हता, मुलींची शाळा होती. दुकानात मी, बायको, आणि 2010 पासून आमच्याकडे शिकलेला एक मुलगा. येवल्याचे काका, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, त्यांनी दिवाळीचा छापील कॅटलॉग आमच्यावर सोडला होता. निम्मे फोटो तिवईवरच्या कॅमेऱ्यातून आडवे, निम्मे त्यांच्या पुतण्यानं मोबाइल उभा धरून काढलेले. मी पहिले वीस तपासले. वीसही आडवे होते. छापायला दिले.

मोबाइल उभा धरला तरी फायलीत फोटो आडवाच ठेवलेला असतो, सोबत चिठ्ठी असते की दाखवताना फिरवा. आयडेंटिफाय ती चिठ्ठी वाचून मापं फिरवत नाही. आमची स्क्रिप्ट आधी मापं घ्यायची, 4000 बाय 3000. नंतरच्या ओळीत ऑटो-ओरिएंट, म्हणजे चिठ्ठीप्रमाणे फिरवणं, व्हायचं, फोटो उभा, 3000 बाय 4000. आणि चौकटीचा कागद मात्र जुन्या मापांवर पाच टक्के वाढवून, 4200 बाय 3150. दोन्ही बाजूंना 600 पिक्सेल पांढरं, वर-खाली 425 पिक्सेल साफ कापलेले. टांगलेल्या पैठणीत खाली काय असतं? पदराचं टोक.

काका छापखान्यातून थेट आले. गठ्ठ्यातला एक कॅटलॉग टेबलावर उघडून ठेवला, खुर्चीवर बसले नाहीत. "भाऊ, पदरच कापलेत की हो." एवढंच. मोराचे पाय नव्हते. नारळी काठ खाली येता येता हवेत संपलेला. पैठणी घेणारी बाई आधी पदर बघते, हे मला येवल्याच्या माणसानं सांगायला नको होतं.

पुन्हा छपाईचा खर्च मी दिला. बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या, दोन मशीन विकली. काकांनी फक्त कागदाचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतला आणि पुढच्या वर्षीचा आगाऊ हातावर ठेवला. तो हिशोब माझ्याकडे अजून वहीत आहे. ज्यांना वाटतं गिऱ्हाईक दरावर टिकतं, त्यांना मी ती वही दाखवतो.

आणि आमच्याकडे शिकलेला तो मुलगा? त्याच आठवड्यात काम सोडून गेला. पेनड्राइव्हवर स्क्रिप्टचं फोल्डर घेऊन. महिन्याभरात समोरच्या बोळात पाटी, आमच्या निम्म्या दरानं. सहा गिऱ्हाइकं गेली. त्याचं मला इतकं नाही, पोट सगळ्यांना आहे. पण त्याच्या पाटीवर लिहिलंय 'स्थापना 2007'. 2007 साली तो सातवीत होता. मी दोनदा बोललो, तो हसला.

चूक मी त्याच महिन्यात सुधारली. आधी सरळ करा, मग मोजा. पुढच्या वर्षी इमेजमॅजिकची सातवी आवृत्ती आली आणि काम आणखी सोपं झालं. सहाव्या आवृत्तीत बहुतेक पर्यायांपुढे टक्का डब्ल्यू चालायचं नाही, म्हणून तर बाहेर व्हेरिएबलांत धरून आणावं लागायचं. आता 'मॅजिक' या नव्या आज्ञेच्या एकाच ओळीत ऑटो-ओरिएंट, आणि पुढे बॉर्डरला, म्हणजे चौकटीला, तिथल्या तिथे सांगायचं : रुंदी-उंचीत जी कमी असेल तिच्या दोन टक्के. त्या क्षणी फोटो जसा उभा आहे तसंच माप मिळतं. जुनं माप हातात उरतच नाही. नवीन मुलांना आणखी एक : इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' आज्ञा मूळ फायलीवरच लिहिते. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. फायलींच्या नावात मोकळ्या जागा असतात, व्हेरिएबलला अवतरणं घाला. आणि आगाऊ घेतल्याशिवाय सराफाचं काम करू नका.

2016 ते 2022 काम चाललं. पाटल्या सुटल्या.

काका आता थकलेत, फोटो त्यांची सून पाठवते, कधी उभे, कधी आडवे, कधी चौकोनी. तरी प्रूफ त्यांना छापूनच लागतं. स्टीलची पट्टी घेऊन पदराच्या टोकापासून चौकटीपर्यंतचं अंतर मोजतात, मग सही.

मागच्या महिन्यात समोरच्या बोळातला एक पोरगा आमच्याकडे आला. नवीन असावा, आमची भानगड त्याला ठाऊक नव्हती. "सर, आमच्याकडे मोबाइलचे फोटो आले की कडा कापल्या जातात. कॅमेऱ्याचे बरोबर येतात." लॅपटॉप उघडून त्यानं स्क्रिप्ट दाखवली. वरच्या ओळीत आतेभावाची टिप्पणी होती, त्याच्या शुद्धलेखनासकट. त्याखाली आयडेंटिफाय, आणि त्याच्या खाली ऑटो-ओरिएंट. इतकी वर्षं झाली, कुणी हात लावलेला नाही.

मी त्याला चहा पाजला. रुंदी-उंचीच्या ओळींवरून बोट फिरवलं, म्हणालो, बघतो, विचार करून सांगतो. बायको आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "त्या पोराचा काय दोष?" दोष नाहीच. त्याचा नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.